दारातून येईल तेवढ्या उजेडात

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई माझ्याकडे गडचांदूरला राहायला आली, तेव्हा रोज दिवेलागणीला तिला एक फोन यायचा. ती फोन कानाला लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसायची आणि माझ्याशी दिवसभरात बोलली नसेल तेवढं अर्ध्या तासात बोलून घ्यायची. तेही गोंडीत. मला गोंडी येत नाही. मी आत कणीक मळत तिचं हसणं ऐकायचे. ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. घसा मोकळा सोडून, मधेच खोकला येईपर्यंत हसायची.

"कोण गं?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमची पोरगी."

मी तिची एकुलती एक मुलगी.

कोण ते मला तसं माहीत होतं. आईची सगळी नोकरी एटापल्लीच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात गेली. ती नर्स. बाबा नागभीडला रेल्वेत, म्हणून मी त्यांच्याजवळ आणि माझ्या आत्याजवळ नागभीडच्या क्वार्टरमध्ये वाढले. आई महिन्यातून एकदा यायची. जंगलातून एसटीने वडसा, तिथून रेल्वेने नागभीड. तिच्या साडीला स्पिरिटचा आणि धुराचा वास असायचा. पहिला अर्धा दिवस ती नुसती झोपायची आणि मी तिच्या पायाशी बसून ती उठायची वाट पाहायचे. आईजवळ एक पोरगी असते, एवढं घरात बोललं जायचं. ती कामाला असेल असं मी धरून चालले होते. कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आता ती पोरगी चाळिशी ओलांडलेली बाई होती आणि आईच्या गुडघ्याची चौकशी रोज करत होती. मी तर आईच्या गुडघ्याला रोज तेल लावत होते. पण त्या फोनपुढे माझं तेल फिकं पडायचं.

संक्रांत झाल्यावर एके सकाळी बुद्धवंदना म्हणून झाली आणि चहाचा कप हातात घेऊन आई म्हणाली, "मले एकदा तिकडं नेऊन दे. आता चालता येते."

मी लगेच हो म्हटलं. त्यात आईवरची माया किती आणि माझा लोभ किती, ते सांगता येत नाही. मी सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. दगडाची भुकटी, भट्टीचे नमुने, पांढरे दिवे, त्यात दिवस जातो. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गाडी काढते. फोटो वस्तूंचे काढते, तेही साध्या, रोजच्या. शिफ्ट सुटताना मोटरसायकलला अडकवलेला डबा, धाब्यावरची पाण्याची टाकी, एखाद्या स्टेशनवरचं कुलूप. आणि ते कमी उजेडात. फ्लॅश वापरत नाही. फ्लॅश मारला की वस्तूची पाठ नाहीशी होते, सगळं आमच्या प्रयोगशाळेसारखं होतं. झुंजुमुंजू असताना किंवा घराच्या आत दारातून येईल तेवढ्या उजेडात वस्तू कशी आहे ते सावकाश कळतं. त्यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ हात हलता कामा नये. कोपर भिंतीला टेकवायचं, श्वास सोडायचा आणि पुन्हा घ्यायच्या आधी बटन दाबायचं. हे मला चांगलं जमतं. माझे हात हलत नाहीत, असं मी अभिमानाने सांगत असे. एटापल्लीकडची जंगलातली घरं मी कधी आतून पाहिली नव्हती. आईच्या नावावर दारं उघडतील, हे माझ्या डोक्यात होतं.

पहाटेच निघालो. राजुरा, बल्लारपूर, मग गोंडपिपरी. तिथे धुक्यात एका टपरीवर गाडी थांबवली. चहावाल्याची ॲल्युमिनियमची किटली चुलीच्या कडेला ठेवली होती. एका अंगाला विस्तवाचा तांबूस रंग, दुसऱ्या अंगाला धुक्याचा निळसर. मी बाकावर कोपर टेकवून बराच वेळ तिचे फोटो काढत राहिले. आई गाडीत बसून खिडकीतून बघत होती.

"चहा पे, थंडा होऊन राह्यला," ती म्हणाली. "तिकडं पोरगी रस्ता पाहत असन."

आष्टीचा पूल ओलांडून आलापल्लीच्या रस्त्याला लागलो तशी आई बदलली. पुढे सरकून बसली. ट्रकांच्या धुळीतून मी वाट काढत होते आणि ती बोट दाखवून सांगत होती. या वळणावर तिची एसटी बंद पडली होती. त्या नाल्यातून लसींचा डबा डोक्यावर घेऊन ती उतरली होती. तिथल्या झाडाखाली एक बाळंतपण केलं होतं. मी 'हो का' म्हणत राहिले. यातली एकही गोष्ट तिने नागभीडला सांगितली नव्हती. तिथे ती यायची तेव्हा माझी परीक्षा, माझे दात, माझी नखं हेच बोलायची.

धानाची कापणी कधीच झाली होती. बांध्यांमध्ये गुरं सोडलेली होती, कुठे कुठे धानाचे पुंजणे अजून रचलेले होते. डांबरी रस्ता सोडून आम्ही आत शिरलो आणि दुपार कलल्यावर गावात पोचलो.

ती अंगणात उभीच होती. बुटकी, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. तिने मला हात जोडून "जोहार, ताई" म्हटलं आणि आईकडे वळली. तिने आईचे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले, जणू तिथून काही हरवलं आहे का ते बघत होती. नंतर म्हणाली, "याया." आणि आईला धरून आत घेऊन गेली. आईने माझ्या घरात कोणाचा आधार घ्यायचा नाही असा हट्ट धरला होता. वॉकर दिला तर रागवायची. इथे तिने सगळा भार त्या बाईच्या खांद्यावर टाकला.

मी गाडीतून सामान काढत राहिले.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "याया म्हणजे काय?"

"म्हणतेत तसं," आई म्हणाली आणि पांघरूण नीट करायला लागली. ती टाळते आहे हे कळलं तेव्हा अर्थही कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा नवरा आणि मुलगा जंगलात गेले. आई अंगणात उन्हाला बसली होती, गावातल्या बाया एकेक करून तिच्याजवळ येत होत्या. मी त्या बाईला विचारलं, आतल्या वस्तूंचे फोटो काढू का.

"काढा ना," ती म्हणाली. "पण आत अंधार आहे. लाइट लावू?"

"नको. असाच चांगला आहे."

ती हसली. तिला ते गमतीचं वाटलं असावं.

घर मातीचं, खिडकी नाही. उजेड दारातून यायचा आणि भिंत व छप्पर यांच्या मधल्या फटीतून. दारातला उजेड सारवलेल्या जमिनीवर पडून वर परतायचा, म्हणून वस्तू खालून उजळलेल्या दिसत. पाण्याचा वाळक्या भोपळ्याचा तुंबा. पालथा घातलेला भाताचा गंज, त्याच्या बुडावर काजळी. धान ठेवायची बांबूची मोठी ढोली, शेणाने लिंपलेली. एका कवडशात सूप टेकवलेलं. मी हरखून गेले होते. एकेका वस्तूजवळ बसत, सरकत, खांबाला खांदा लावून काढत होते. आणि माझे हात नेहमीसारखे स्थिर होते.

मग खुंटीवर मला तो स्वेटर दिसला.

लहान मुलाचा, किरमिजी रंगाचा, कडेला पांढरी नक्षी. बाहीची लोकर उसवून लोंबत होती. जवळ जायची गरज नव्हती. ती नक्षी मला ओळखू आली. आई विणायची. माझे सगळे स्वेटर तिने विणलेले, आणि त्यातला एकही मला नीट बसला नाही. कधी बाह्या मनगटाच्या वर, कधी कंबर मांडीपर्यंत. महिनाभर पाहिलेलं नसल्यामुळे ती अंदाजाने विणायची. "वाढली असशील म्हणून सैल केलं," म्हणायची. वर्गात माझ्या बाह्या ओढून ओढून खाली करायची मला सवय लागली होती.

ती बाई दारात आली. उजेड अडला तशी लगेच बाजूला झाली.

"तो यायाने विणला," ती म्हणाली. "माझ्या तिन्ही पोरांनी घातला. आधी मीच."

"तुला नीट बसायचा?"

हा काय प्रश्न, असं तिला वाटलं असेल. पण तिने उत्तर दिलं. "हो ना. याया मले उभी करून मोजे. चार बोटं विणून झाली का पुन्हा अंगाला लावून पाहे. मले गुदगुल्या होत, मी पळे. मग याया मारे."

ती हे सांगताना हसत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कोपर भिंतीला टेकवलं, श्वास सोडला, बटन दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. हललेला. पुन्हा काढला. पुन्हा हललेला. मी ढोलीवर कॅमेरा टेकवला, तरी बटन दाबताना बोट थरथरत होतं. किती काढले कोण जाणे. किरमिजी रंगाचा एक धुरकट डाग, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. मला त्या मेंढीच्या लोकरीचा राग येत होता. कोणीतरी ती नक्षी माझ्यासमोर, माझ्या अंगाला लावून, मोजून विणायला हवी होती. मार पण मला मिळायला हवा होता.

"ताई, घाम आला तुमाले," ती म्हणाली. "बाहेर चला."

दुपारी आई खाटेवर पडली होती आणि ती बाई विहिरीवर गेली होती, तेव्हा मी आईला विचारलंच.

"तू मला इथे काऊन नाही ठेवलं?"

आई छपराकडे पाहत म्हणाली, "शाळा नव्हती इथी. चौथीपुढे काहीच नव्हतं. मलेरिया होता. तुझे बाबा म्हणे, पोरगी मले दिसली पाहिजे."

"आणि ती?"

"तिची माय माझ्यासंगं सुईणपण करे. तापानं गेली. बाप आधीच नव्हता. रात्री क्वार्टरच्या दारात येऊन बसली पोरगी, म्हटलं ये आत. तिले घर नव्हतं. तुले होतं."

"तू कधी सांगितलं नाही."

"तुझ्या बाबाले सांगतलं होतं. तुले काय सांगू? दोन दिवसांसाठी येणार मी, त्यात दुसऱ्या पोरीच्या गोष्टी सांगू?"

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मी आईच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, असं मी मनातल्या मनात स्वतःला समजावून पाहिलं. पण तिचं कारण बरोबर असलं म्हणजे हेवा जातो असं नाही. उलट आता भांडायलाही जागा उरली नाही, म्हणून तो जास्तच टोचत राहिला.

त्या संध्याकाळी मी चुलीजवळ बसले होते. ती बाई भात शिजवत होती. बाहेर अजून उजेड होता, आत फक्त चुलीचा. मी कॅमेरा काढला नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी यायाले बोलल्या दुपारी. मी आली होती पाणी घेऊन. ऐकलं."

मी चुलीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"मी पण तुमचा लय राग करे," ती म्हणाली. "लहान होती तेव्हा. महिना झाला का याया पिशवी भरे. मोहाचे लाडू घाले त्यात, चारोळी घाले. मी मागितली तर म्हणे, हे ताईचं आहे. मी रोज इथं, पण चांगलं चांगलं सगळं ताईचं. मी म्हणे, ही ताई मरत काऊन नाही."

हे तिने अगदी शांतपणे सांगितलं, भाताचं पाणी बघत.

"एकदा मी यायाच्या चपला लपवल्या. ढोलीत टाकल्या, धानात. गाडीची वेळ झाली, चपला नाई. याया अनवाणी निघाली होती, पण तोवर गाडी गेली. मले इतका आनंद झाला. मग याया रात्रभर बोलली नाही माझ्याशी. नुसती बसून राह्यली."

आई आली नाही अशा कितीतरी वेळा मला आठवत होत्या. बाबा मला घेऊन वडशाकडून येणाऱ्या गाडीपर्यंत जायचे, सगळे डबे रिकामे व्हायचे, आणि मग आम्ही स्टेशनवरची भजी घेऊन घरी परत यायचो. त्यातली चपलांची वेळ कोणती, हे आता कोणीच सांगू शकलं नसतं. मी तिच्यावर रागवायला हवं होतं. पण मी त्या वयाच्या तिला ढोलीत वाकून चपला खोल खुपसताना पाहत होते, आणि मला वाटत होतं, तिला निदान लपवायला चपला तरी मिळाल्या. माझ्याजवळ आईचं काही नसायचं. ती यायची तीच परतीची पिशवी घेऊन.

"चारोळी मला आवडायची नाही," मी म्हणाले. "आत्या खायची सगळी."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि तिला हसताना पाहून मलाही थोडं हसू आलं.

तिसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं. सामान गाडीत ठेवलं तेव्हा आई म्हणाली, "मी राहतो आठवडाभर. हे पोरगी आणून सोडन मले चंद्रपूरपर्यंत." तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्या गोळ्या कोणत्या कधी ते त्या बाईला सांगितलं. तिला ते आधीच पाठ होतं. रोज फोनवर तेच तर बोलत होत्या.

परत येताना मी एकटीच. आष्टीच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. वैनगंगेवर संध्याकाळचा चांगला उजेड होता, काठावर कोणाची तरी होडी पालथी घातलेली, तिच्या बुडावरचं डांबर चमकत होतं. एरवी मी धावले असते. मी गाडीतच बसून राहिले आणि आईला फोन लावला. लागला नाही. त्या गावात नेटवर्क घराच्या मागच्या उंचवट्यावरच येतं. म्हणजे इतके दिवस ती बाई रोज संध्याकाळी त्या उंचवट्यावर चढून फोन करत होती. हे ध्यानात आलं तेव्हा मला पुन्हा राग आला. माझ्याहून जास्त करायला तिला कोणी सांगितलं होतं?

घरी संगणकावर फोटो पाहिले. तुंबा चांगला आला होता, गंज बरा. किटलीचा फोटो सगळ्यांत सुंदर. नवऱ्याने स्वेटरचे फोटो पाहून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "बिघडलेले आहेत." तरी पुसले मात्र नाहीत.

आठवड्याने दोघी एसटीने आल्या. चंद्रपूरच्या स्टँडवर मी घ्यायला गेले. आई उतरली ती टवटवीत, केसांना तेल लावून चापून वेणी घातलेली. माझ्याकडे असताना ती केसांना हात लावू द्यायची नाही. गाडीत बसल्यावर ती बाई मागून म्हणाली, "ताई, या म्हातारीनं मले त्रास दिला. सकाळ-संध्याकाळ तुमच्याच गोष्टी. तुमी दहावीत किती मार्क घेतले, तुमची कंपनी, तुमचे फोटो. मले कंटाळा आला."

आई खिडकीबाहेर बघत होती. तिचे कान तांबडे झाले होते, किंवा ते उन्हाचं असेल.

घरी जेवणं झाली. ती बाई परतीच्या गाडीआधी दोन दिवस राहणार होती. दुपारी मी भांडी आवरून आत आले, तर खोलीचा पडदा ओढलेला, आई खाली गादीवर झोपलेली आणि तिच्या शेजारी ती. दोघी हळू आवाजात गोंडीत बोलत होत्या. मी दारात उभी राहिले. पडद्यातून येणारा मऊ उजेड दोघींच्या पांघरुणावर पडला होता. कॅमेरा बाहेरच्या टेबलावर होता. तो आणावा की पाय न वाजवता दुसऱ्या खोलीत जाऊन पडावं, असा मी विचार करत होते. दुसऱ्या खोलीत जायची मला लहानपणापासून सवय आहे.

"सरका जरा," मी म्हणाले.

ती बाई भिंतीकडे सरकली, आईला तिने आपल्याकडे ओढलं. मी आईच्या या बाजूला पडले आणि पाय दोघींच्या पांघरुणात सारले. गादी तिघींना पुरत नव्हती, माझी पाठ अर्धी फरशीवर होती. आईचं तोंड तिच्याकडे होतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यामुळे तिला त्याच कुशीवर झोपता येतं, हे मला माहीत होतं. तरी मी थोडा वेळ तिच्या वेणीकडे पाहत राहिले. मग आईने मागे हात करून चाचपडत माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. पलीकडे त्या बाईचं बोलणं चालूच होतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणते, ताईचे पाय थंड आहेत," आई म्हणाली.